महामार्ग डांबराआधी सातबाऱ्यावर अडतो

शक्तिपीठ महामार्ग 2024 पासून बातम्यांत आहे. वर्ध्याजवळच्या पवनारपासून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत साधारण 800 किलोमीटरचा हा प्रस्तावित रस्ता. जून 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने त्यासाठी 20 हजार 787 कोटी रुपयांना मान्यता दिली, आणि ही मान्यता होती आखणी नि भूसंपादनासाठी. खडी, सिमेंट, पूल यांचा हिशेब त्यानंतरचा.

दुसरीकडे मुंबई-गोवा महामार्ग आहे. पनवेल ते इंदापूर या 84 किलोमीटरच्या टप्प्याचं चौपदरीकरण 2011 मध्ये सुरू झालं. त्यानंतर किती गणपती आले आणि गेले, हे कोकणात जाणाऱ्यांना विचारा. चूक कुणाची, यावर दरवर्षी तीच चर्चा होते: ठेकेदार पळाला, अधिकारी झोपले, शेतकरी अडून बसले. तिन्हींत थोडंथोडं तथ्य आहे. पण काम अडतं ती जागा बहुतेक वेळा वेगळीच असते, ती म्हणजे जमिनीचे अपुरे कागद आणि एकमेकांचं वेळापत्रक न पाहणारी खाती. ती समजून घेतली की ‘90 टक्के भूसंपादन पूर्ण’ अशी बातमी वाचून फार आनंद होत नाही.

## एका किलोमीटरला किती जमीन?

नवा चौपदरी राष्ट्रीय महामार्ग साधारण 60 मीटर रुंदीचा पट्टा मागतो. त्यात मार्गिका येतात, दुभाजक, गटारं, सेवा रस्ता आणि कडेला वाहिन्यांसाठी सोडलेली जागा. एक किलोमीटर लांबी गुणिले 60 मीटर म्हणजे 6 हेक्टर, पंधरा एकरांच्या आसपास. समृद्धी महामार्गाचा पट्टा 120 मीटरचा, म्हणजे दर किलोमीटरला तीस एकर.

आता आपल्याकडची शेतं आठवा. घाटमाथ्यावर दोन-तीन एकर, कोकणात काही गुंठे. म्हणजे एका किलोमीटरच्या पट्ट्यात सहज वीस-पंचवीस गट येतात, आणि प्रत्येक गटाच्या सातबाऱ्यावर पाच-पंधरा नावं. पन्नास किलोमीटरच्या रस्त्यासाठी सरकारला हजारो खातेदारांशी एकेक करून व्यवहार करावा लागतो. तो कुणा एका मोठ्या जमीनदाराशी कधीच नसतो.

## कायदा एकच नाही

रस्ता राष्ट्रीय महामार्ग असेल तर जमीन ‘राष्ट्रीय महामार्ग अधिनियम, 1956’ खाली घेतली जाते. राज्याचा असेल तर ‘महाराष्ट्र महामार्ग अधिनियम, 1955’ वापरता येतो. शक्तिपीठाची अधिसूचना त्याच कायद्याखालची. तिसरी वाट थेट खरेदीची. त्यात दुय्यम निबंधकाकडे जाऊन साधं खरेदीखत होतं, आणि तिथे मालकाची संमती लागतेच. 2013 चा जो मोठा भूसंपादन कायदा आहे, त्यातलं मोबदल्याचं गणित आता या सगळ्यांना लागू आहे. सामाजिक परिणामांचा अभ्यास, ग्रामसभा वगैरे त्यातल्या इतर तरतुदी मात्र राष्ट्रीय महामार्गांना लागू नाहीत.

हा लेख मुख्यतः राष्ट्रीय महामार्गांबद्दल आहे, कारण बहुतेकांच्या दारात नोटीस येते ती त्याचीच.

## थ्री-ए आणि थ्री-डी

गावात हे शब्द सर्रास ऐकू येतात. 1956 च्या कायद्यातली ही कलमं आहेत. बाकीची अक्षरं विसरलात तरी चालेल. ही दोन लक्षात ठेवा.

थ्री-ए म्हणजे ‘आम्हाला ही जमीन हवी आहे’ अशी राजपत्रातली घोषणा. तिचा गोषवारा दोन स्थानिक वृत्तपत्रांत येतो, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. राजपत्रातल्या प्रसिद्धीपासून 21 दिवसांत हरकत घेता येते. ही हरकत जमीन घेण्याबद्दल असते, भावाबद्दल नाही. ‘माझ्या विहिरीवरून आखणी नेऊ नका, शेजारी सरकारी पड जमीन आहे’ ही खरी हरकत झाली. ‘भाव कमी आहे’ असं लिहिलंत तर ते ऐकून घेतील, पण त्या टप्प्यावर त्याचा उपयोग नाही. दुःख हे, की बहुतेक हरकती भावाच्याच असतात आणि आखणीबद्दल बोलण्याची एकमेव अधिकृत संधी तशीच निघून जाते.

थ्री-डी म्हणजे ‘ही जमीन आता केंद्र सरकारची झाली’ अशी घोषणा. ती प्रसिद्ध झाली की मालकी सर्व बोज्यांतून मुक्त होऊन सरकारकडे जाते. पैसे अजून मिळालेले नसतात, शेतात पीकही उभं असतं, पण कायद्याच्या नजरेत मालक बदललेला असतो. थ्री-एनंतर वर्षभरात थ्री-डी झाली नाही तर थ्री-ए आपोआप रद्द होते (न्यायालयाच्या स्थगितीचा काळ यात धरत नाहीत) आणि सगळं पहिल्यापासून सुरू करावं लागतं. मोजणी लांबली म्हणून असं घडतं.

या दोन्हींच्या मधे असते संयुक्त मोजणी. भूमी अभिलेखचा भूमापक, महसूलचा तलाठी, महामार्गाचा माणूस आणि झाडं-विहिरींसाठी संबंधित खात्याचे लोक बांधावर येतात आणि कुणाच्या गटातून किती आर जमीन जाते ते ठरवतात. एक आर म्हणजे शंभर चौरस मीटर, जवळपास एक गुंठा. किती झाडं, कुठली, किती वर्षांची, विहीर बांधीव की कच्ची, हेही त्याच दिवशी लिहिलं जातं. पुढे तीन-चार वर्षं जो वाद चालतो, त्याचं बी बऱ्याचदा त्या एका दुपारी पडलेलं असतं.

## ‘चौपट’ म्हणजे नेमके किती?

आंदोलनांत ‘चौपट मोबदला’ हा शब्द असतो. तो कुठून आला?

आधी बाजारभाव ठरतो. रेडी रेकनरचा (मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरवलेला) दर, किंवा थ्री-एच्या आधीच्या तीन वर्षांत परिसरात झालेल्या खरेदीखतांतल्या वरच्या निम्म्या व्यवहारांची सरासरी, यांतला जो जास्त तो. मग ग्रामीण भागात त्याला एका आकड्याने गुणतात. कायद्याने हा गुणांक 1 ते 2 च्या दरम्यान ठेवायची मुभा राज्यांना दिली आहे. त्यात झाडं, विहीर, घर, गोठा यांची किंमत मिळवतात. आणि येणाऱ्या बेरजेइतकीच रक्कम पुन्हा देतात. तिला दिलासा रक्कम म्हणतात, कारण माणूस आपण होऊन विकायला निघालेला नसतो.

समजा दहा आर जमीन जाते आणि भाव निघाला आरला 50 हजार. जमिनीचे झाले 5 लाख. गुणांक 2 असेल तर 10 लाख. झाडं आणि विहिरीचे 2 लाख धरले तर 12 लाख. दिलासा रक्कम आणखी 12 लाख. एकूण 24 लाख. गुणांक 2 आणि त्यावर दिलासा रकमेने दुप्पट, म्हणून जमिनीपुरतं ‘चौपट’. शिवाय मूळ बाजारभावावर वर्षाला 12 टक्के दराने निवाड्यापर्यंतची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशापर्यंतची, वाढीव रक्कम मिळते.

आता गुणांक 1 घेऊन पाहा. 5 अधिक 2 म्हणजे 7 लाख, दिलासा रक्कम धरून 14 लाख. जमीन तीच, शेतकरी तोच, पण 10 लाखांचा फरक. 2021 मध्ये राज्याने राष्ट्रीय महामार्गांसाठी हा गुणांक कमी केला, तेव्हा कोल्हापूर-सांगलीच्या बागायती पट्ट्यात एवढा रोष का उठला ते या बेरजेत आहे. अलीकडच्या तालुक्यातल्या पाहुण्याला चौपट मिळाले आणि आपल्याला दुप्पट, हे कुणालाही पटणार नाही.

याच गणितातली एक जुनी जखम. 1997 ते 2014 या काळात राष्ट्रीय महामार्गांसाठी जमीन गेलेल्यांना दिलासा रक्कम मिळतच नव्हती. त्या कायद्यात तशी सोयच ठेवलेली नव्हती. धरणाला जमीन गेली तर मिळायची, महामार्गाला गेली तर नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये तरसेम सिंग प्रकरणात हा भेदभाव घटनाबाह्य ठरवला. हा निकाल फक्त पुढच्या प्रकरणांना लावावा अशी महामार्ग प्राधिकरणाची विनंती फेब्रुवारी 2025 मध्ये फेटाळली गेली.

आणि एक कडू गोष्ट आपल्या बाजूची. खरेदीखतात किंमत कमी दाखवून उरलेले पैसे रोखीत द्यायची पद्धत गावोगाव आहे. मुद्रांक शुल्क वाचतं, सगळे खूश. मग एक दिवस रस्ता येतो, आणि अधिकारी तीच खरेदीखतं पुढे ठेवून म्हणतो, तुमच्याच गावात एकराचा भाव एवढाच आहे. ‘प्रत्यक्षात तिप्पट आहे हो’ हे सांगायला पुरावा कुणाकडेच नसतो.

## पैसे तयार, घेणारा कोण?

खरी गुंतागुंत इथे आहे.

एक उदाहरण घ्या, आपल्याकडे घरोघरी सापडेल असं. आजोबांची चार एकर. चार मुलांनी पन्नास वर्षांपूर्वी बांध घालून वाटून घेतली, वाटप तोंडी. सातबारा एकच, सामाईक. आजोबांनंतर वारसनोंद झाली, त्यात मुलं आली, काही मुलींची नावं लागायची राहून गेली, मग मुलांची मुलं. रस्ता जातो तो फक्त धाकट्याच्या वाट्यातून. त्याची जमीन संपली, बाकी तिघांची शाबूत. पण कागदावर जमीन चौघांची आहे. मग मोबदला कुणाचा?

धाकटा म्हणतो सगळा माझा. मोठा म्हणतो सातबारा बघा. आत्याचा मुलगा पुण्याहून अर्ज करतो की माझ्या आईचं नावच लावलेलं नाही. प्रांताधिकारी, म्हणजे बहुतेक ठिकाणी या कामासाठी नेमलेला सक्षम प्राधिकारी, वाटणीचा निकाल स्वतः देऊ शकत नाही. तो प्रकरण दिवाणी न्यायालयाकडे पाठवतो आणि रक्कम तिथे जमा करतो. कायद्यानुसार पैसे जमा झाले की ताबा घेता येतो. पण बांधावर उभा असलेल्या धाकट्याच्या हातात एक रुपया आलेला नसतो. जेसीबी आला की तो आडवा होतो, आणि दुसऱ्या दिवशी बातमी येते, ‘शेतकऱ्यांच्या विरोधामुळे काम बंद’. त्याचा विरोध रस्त्याला नव्हताच.

कोकणात याची आणखी एक पायरी आहे. दोन गुंठ्यांच्या तुकड्यावर पंचवीस-तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. वाट्याला येणार काही हजार रुपये. त्यासाठी वारस दाखला, प्रतिज्ञापत्र, बंधपत्र, बँकेचे कागद घेऊन गावी जायचं, सगळ्या चुलतभावांच्या सह्या जमवायच्या. एसटीचं भाडं आणि बुडालेला रोज धरला तर परवडत नाही. म्हणून माणूस येत नाही आणि रक्कम पडून राहते. याला कुणी ‘असहकार’ म्हणू नये.

देवस्थान इनाम आणि कुळांच्या जमिनींचं कोडं त्याहून जुनं. चिपळूणजवळच्या परशुराम घाटात जमीन देवस्थानाशी जोडलेली, कसणारी कुळं वेगळी, शिवाय खोतांचे हक्क. मोबदला कुणाला आणि किती यावर वाद झाला, न्यायालयात गेला, आणि घाटातलं काम बराच काळ खोळंबलं. वरून जाणाऱ्या प्रवाशाला फक्त अर्धवट कापलेला डोंगर दिसत होता.

आणखी एक, फारसं बोललं न जाणारं. जुने दोनपदरी रस्ते बांधले तेव्हा घेतलेल्या जमिनीची नोंद अनेक ठिकाणी सातबाऱ्यावर चढलीच नाही. चौपदरीकरण आलं की महामार्गवाले म्हणतात इथपर्यंत आमची हद्द आहे. शेतकरी सातबारा दाखवतो, त्यावर पूर्ण क्षेत्र त्याच्याच नावावर. संपादनाचा निवाडा दोघांपैकी कुणालाच सापडत नाही. माझ्या मते असा निवाडा दाखवता न आलेल्या खात्याने गप्प बसून मोबदला द्यावा; नोंद करणं हे शेतकऱ्याचं काम नव्हतं.

## सही दिली नाही तर रस्ता थांबतो का?

नाही. 1956 च्या कायद्यात संमतीची अट नाही. 2013 च्या कायद्यात 70 आणि 80 टक्के संमतीची जी चर्चा असते, ती सार्वजनिक-खासगी भागीदारी आणि खासगी कंपन्यांच्या प्रकल्पांसाठी आहे. रक्कम जमा झाली की 60 दिवसांत ताबा द्या अशी नोटीस येते, आणि त्यानंतर पोलीस बंदोबस्तात ताबा घेता येतो.

मग पैसे घेतले की हक्क संपला का? तेही नाही. निवाडा मान्य नसेल तर केंद्राने नेमलेल्या लवादाकडे जाता येतं; आपल्याकडे हे काम बहुधा जिल्हाधिकारी किंवा विभागीय आयुक्त करतात. रक्कम स्वीकारताना ‘हक्क राखून’ असं लिहून द्यावं आणि लवादाकडे अर्ज करावा. वाढीव रक्कम मंजूर झाली तर ताब्याच्या तारखेपासून 9 टक्के व्याज धरलं जातं. लवादाचा निर्णयही पटला नाही तर तीन महिन्यांत जिल्हा न्यायालय. ही मुदत कडक आहे.

## 90 टक्के ताब्यात, तरी काम बंद

सरकारने स्वतःच नियम केला की ठेकेदाराला काम सुरू करायला सांगण्यापूर्वी पुरेशी जमीन हातात हवी. सरकारी पैशाने होणाऱ्या कामांत 90 टक्के, खासगी गुंतवणुकीच्या कामांत 80 टक्के. ऐकायला बरं वाटतं. पण समजा रस्ता पन्नास किलोमीटर आहे आणि 95 टक्के जमीन मिळाली. राहिलेले अडीच किलोमीटर एका जागी नसतात. इथे दोनशे मीटर, पुढे पुलाच्या पायापाशी चाळीस मीटर, मग एका वाडीत तीनशे. प्रत्येक ठिकाणी वाहतूक जुन्या रस्त्यावर वळवायची, पुढे परत आणायची. काँक्रीट टाकणारं यंत्र सलग चालायला हवं. ते दर चार किलोमीटरला उचलून न्यायचं तर भाडं चढत जातं. ठेकेदार नुकसानभरपाई मागतो, मुदतवाढ मागतो, आणि करारानुसार ती मागणी बऱ्याचदा योग्यच असते. म्हणून टक्क्यांपेक्षा विचारायला हवं ते हे, की सलग किती किलोमीटर मिळाले आणि उरलेले तुकडे कुठे आहेत.

## खांब, पाइप, केबल

जमीन मिळाली असं धरू. आता त्या जमिनीवर आणि जमिनीखाली काय काय आहे?

कडेने 11 आणि 33 केव्हीच्या वाहिन्या, डीपी, आडव्या जाणाऱ्या महापारेषणच्या उच्चदाब तारा. ग्रामपंचायतीची नळयोजना. जीवन प्राधिकरणाची मोठी जलवाहिनी. गॅसची लाइन. चार-पाच कंपन्यांच्या फायबर. पाटबंधाऱ्याची चारी. हे सगळं बाजूला नेण्याच्या कामाला सगळेच ‘युटिलिटी शिफ्टिंग’ म्हणतात.

घरात माणसं राहत असताना मोरी आणि स्वयंपाकघर नव्याने बांधायचं, तसलं हे काम. पाणी एक दिवसही बंद ठेवून चालत नाही. म्हणून आधी नवी वाहिनी टाकायची, ती सुरू करायची, मगच जुनी काढायची. म्हणजे दोन्हींना एकाच वेळी जागा हवी. ती कुठे? रस्त्याच्या नव्या हद्दीच्या अगदी कडेला. आणि ती कडेची जमीन जर त्या उरलेल्या पाच टक्क्यांत असेल तर खांब हलत नाही, खांब हलत नाही म्हणून भराव टाकता येत नाही. जमीन आणि वाहिन्या ही दोन वेगळी कामं समजली जातात, दोन वेगळ्या फायलींत फिरतात, पण जमिनीवर ती एकमेकांत अडकलेली असतात.

पद्धत साधारण अशी असते. महामार्गाचा अभियंता आणि महावितरणचा अभियंता एकत्र पाहणी करतात. महावितरण अंदाजपत्रक देतं. ते तपासून मंजूर व्हायला महिने जातात. तोवर दरसूची बदलली तर पुन्हा अंदाजपत्रक. मग पैसे भरायचे, किंवा महामार्गाच्याच ठेकेदाराने परवानाधारक कंत्राटदाराकडून महावितरणच्या देखरेखीखाली काम करून घ्यायचं. सगळं तयार झालं की वीज बंद ठेवण्याची परवानगी हवी. गावातल्या 11 केव्हीच्या तारेला ती लवकर मिळते. 220 किंवा 400 केव्हीची तार असेल तर राज्य भार प्रेषण केंद्राचा होकार लागतो, कारण ती तार बंद करायची तर विजेचा भार दुसरीकडून न्यावा लागतो. उन्हाळ्यात मागणी चढलेली, म्हणून नकार. पावसाळ्यात काळ्या मातीत मनोऱ्याचा पाया खोदता येत नाही. वर्षातले मोजके महिने उरतात, आणि ते हुकले की पुढचं वर्ष.

पाण्याचंही असंच. उन्हाळ्यात आधीच दिवसाआड पाणी, त्यात जोडणीसाठी दोन दिवस बंद ठेवायचं म्हटलं तर कुठला सरपंच हो म्हणेल?

## खर्च कुणाचा?

इथे एक फरक लोकांना माहीत नसतो. महावितरण किंवा सार्वजनिक पाणीयोजनेच्या वाहिन्या हलवायचा खर्च बहुतेक वेळा महामार्ग प्रकल्पातच धरलेला असतो. उलट फायबर किंवा गॅसची लाइन महामार्गाच्या हद्दीत परवाना घेऊन टाकलेली असते, आणि रस्त्याला जागा लागली तर स्वखर्चाने हलवू अशी अट त्या परवान्यात असते. पण काही लाइनींचे परवाने दुसऱ्याच खात्याने दिलेले, काहींचे सापडत नाहीत. मग पत्रापत्री. ती चालू असताना कुणाचा तरी जेसीबी फायबर तोडतो आणि तालुक्याचं इंटरनेट जातं. खोदण्याआधी जमिनीखाली काय आहे ते संबंधितांना विचारता यावं म्हणून केंद्राने 2023 मध्ये ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप आणलं. कल्पना उत्तम आहे, पण ॲपला उत्तर देता यायचं तर मुळात कंपनीकडे स्वतःच्या लाइनचा नकाशा हवा.

## कुणाच्याच नकाशावर नसलेली पाइपलाइन

कृष्णा-पंचगंगेच्या काठी उसाच्या पट्ट्यात रस्त्याखालून शेकडो खासगी पाइप गेलेले आहेत. विहीर किंवा नदीवरची मोटर रस्त्याच्या एका बाजूला, शेत दुसऱ्या बाजूला. कुणी तीस वर्षांपूर्वी रात्रीत रस्ता खणून टाकलेले, कुणी परवानगीने. कुठल्याही खात्याच्या नकाशावर ते नाहीत, म्हणून अंदाजपत्रकातही नाहीत. भराव टाकल्यावर पाइप फुटतो किंवा कायमचा गाडला जातो. त्या शेतकऱ्याची जमीन एक गुंठाही गेलेली नसते, त्यामुळे त्याला नोटीस नाही, मोबदला नाही; ऊस मात्र वाळतो.

यावर उपाय खूप सोपा आहे आणि स्वस्तही. भराव टाकायच्या आधी ठरावीक अंतरावर रस्त्याखालून रिकामे मोठे पाइप आडवे टाकून ठेवायचे. पुढे त्यांतून कुणाचाही पाण्याचा पाइप किंवा केबल रस्ता न फोडता ओढता येते. काही ठिकाणी हे केलं जातं. जिथे होत नाही तिथे रस्ता झाल्यावर दोन वर्षांत तो फोडायचे अर्ज सुरू होतात.

## मग समृद्धी कसा झाला?

हा प्रश्न येणारच. 701 किलोमीटरचा रस्ता, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये खुला, शेवटचा इगतपुरी-आमणे टप्पा जून 2025 मध्ये. तो शेवटचा टप्पा सह्याद्रीतल्या बोगद्यांचा आणि उंच पुलांचा होता.

पण जमिनीच्या आघाडीवर समृद्धी वेगाने गेला त्याची कारणं सरळ आहेत. सुरुवातीला जमीन एकत्रीकरणाची, म्हणजे जमीन देऊन बदल्यात विकसित भूखंड घ्यायची योजना होती. शेतकऱ्यांनी ती नाकारली. मग थेट खरेदीचा मार्ग धरला आणि कायदेशीर चौपटीवर 25 टक्के जास्त, म्हणजे पाचपट भाव दिला. खरेदीखत झालं की पैसे थेट खात्यात. पैसे वेळेत आणि पुरेसे मिळाले की भाऊबंदसुद्धा लवकर सह्या करतात, असं त्या पट्ट्यातले तलाठी सांगतील. दुसरं म्हणजे रस्ता पूर्ण नवा, शेतांतून. जुन्या रस्त्याच्या कडेला साचलेला खांब-पाइप-दुकानांचा गुंता तिथे फारसा नव्हता. मुंबई-गोवा मार्ग मात्र जुन्या रस्त्यावरच रुंद करायचा होता, बाजारपेठांतून आणि वाड्यांतून.

मग सगळेच रस्ते नवे, शेतातून काढावेत का? शक्तिपीठाला कोल्हापुरात विरोध आहे तो नेमका याच मुद्द्यावर: ओलिताखाली आलेली बागायती जमीन जाते, आणि नागपूर-रत्नागिरी महामार्ग जवळून जात असताना आणखी एक कशाला, असं विरोधक विचारतात. नव्या आखणीत वाहिन्यांचा त्रास कमी होतो आणि शेतं दुभंगण्याचा वाढतो. मला स्वतःला जुना रस्ता रुंद करणं बरं वाटतं, पण वाहिन्यांचं काम ठेकेदार येण्याआधी वर्षभर सुरू करायची तयारी असेल तरच. ती नसेल तर पंधरा वर्षांच्या धुळीपेक्षा नवा रस्ता परवडला असं लोक म्हणतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

## नोटीस आली तर

वारसनोंदी आणि पोटहिस्से आजच लावून घ्या, रस्ता येवो न येवो. तोंडी वाटप असेल तर ते नोंदवून घ्यायला सर्वांत स्वस्त वेळ म्हणजे मोबदल्याचा आकडा जाहीर होण्याआधीची. आकडा आला की सख्खे भाऊही वकील शोधतात. थ्री-ए राजपत्रात छापून आल्याच्या तारखेपासून 21 दिवस मोजा आणि हरकतीत आखणीबद्दलच लिहा. संयुक्त मोजणीच्या दिवशी घरचं कुणीतरी बांधावर हवंच. झाडांचे, विहिरीचे, ठिबकच्या पाइपचे फोटो तारखेसह काढून ठेवा, आणि मोजणीच्या पत्रकावर सही करण्याआधी आकडे वाचा. हापूसचं कलम आणि रायवळ आंबा यांची किंमत सारखी नसते.

शेताचे दोन तुकडे होणार असतील आणि पलीकडचा तुकडा वहिवाटीशिवाय राहणार असेल तर तेही दाव्यात मागा. जमीन तुटल्यामुळे उरलेल्या जमिनीचं होणारं नुकसान मोबदला ठरवताना विचारात घ्यायला 1956 चा कायदाच सांगतो, पण कुणी मागितलंच नाही तर ते निवाड्यात येत नाही. आणि तुमची जमीन जात नसली तरी रस्त्याखालून पाइप जात असेल, तर प्रांत कार्यालयाला आणि महामार्गाच्या प्रकल्प कार्यालयाला गट नंबर व जागेच्या खुणेसह लेखी कळवा, पोच घ्या, आणि ते भराव पडायच्या आधी करा. काम चालू असताना खालून एक रिकामा पाइप सरकवणं काही तासांचं काम असतं. रस्ता झाल्यावर तोच पाइप टाकायला परवानगी, अनामत रक्कम आणि आडवं भोक पाडणारं यंत्र, तिन्ही लागतात.